सव्वा लाख ओव्या आणि एक पासोडी

प्राचीन मराठी कवींत विपुल लेखनासाठी ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत दासोपंतांचे स्थान अगदी वरचे आहे. त्यांचे कर्तृत्व अंबाजोगाईस बहरले, समाधीही तेथेच आहे. तथापि त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग परंपरेने बिदरच्या दरबारात घातला आहे. नौबादपासून तो किल्ला हाकेच्या अंतरावर असल्याने या कवीकडे आपण सीमाभागातील मराठी कुटुंबांनी थोड्या आपलेपणाने पाहण्यास हरकत नाही. विशेषतः फार लिहिण्याच्या सवयीचे काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या ग्रंथसंपदेत सापडते, म्हणून हा प्रपंच.

दासोपंतांच्या आधी या नगरीने लेखनविद्येचा एक मोठा उपासक पाहिला होता. बहामनी वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये उभारलेला मदरसा आपल्या परिचयाचा आहे. पण गावानने पत्रलेखनाच्या शास्त्रावर फार्सी ग्रंथ लिहिला होता आणि त्याच्या स्वतःच्या पत्रांचा संग्रह ‘रियाझ-उल-इन्शा’ या नावाने प्रसिद्ध आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. त्या काळची फार्सी पत्रशैली अलंकारांनी लवलेली असे. दोन ओळींचा मजकूर सांगण्यासाठी पानभर मायना लिहिणे हे विद्वत्तेचे लक्षण मानले जाई. आणि अशा या शब्दप्रभूचा अंत कशाने व्हावा? एका कोऱ्या कागदाने! त्याच्या शत्रूंनी कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का उमटवून घेतला, त्यावर ओरिसाच्या राजाला निमंत्रण देणारा राजद्रोहाचा मजकूर लिहिला आणि तो सुलतानापुढे ठेवला. १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या वजिराचा शिरच्छेद झाला. बिदरच्या भूमीत कागदाचे मोल असे जिवाशी जोडलेले होते.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, शके १४७३ म्हणजे इ.स. १५५१ मध्ये, दासोपंतांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे बिदरच्या बादशाहीतील नारायणपेठचे देशपांडे. परंपरा सांगते की, दुष्काळात सरकारी वसूल थकला, तेव्हा बादशहाने बाल दासोपंतांस बिदर येथे ओलीस ठेवले आणि मुदतीत रक्कम न आल्यास धर्मांतराची अट घातली. दत्ताजी पाडेवार नावाच्या एका इसमाने ऐन वेळी येऊन सर्व रक्कम भरली, आणि तो साक्षात दत्तात्रेयच होता, अशी श्रद्धा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही याच दरबाराशी निगडित आहे, हे वाचकांस आठवेल. या कथेचा ऐतिहासिक कस लावणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. मात्र एक गोष्ट लक्षणीय आहे. हिशेबाच्या कागदापायी ज्याचे बालपण गहाण पडले, त्याने उरलेले आयुष्य लेखणीस वाहिले.

आणि ते किती लिहावे! एकट्या ‘गीतार्णव’ या गीताटीकेची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. गीतेचे श्लोक ७०० आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. म्हणजे ज्ञानदेवांनी एका श्लोकामागे सरासरी तेरा ओव्या खर्चिल्या, तर दासोपंतांच्या टीकेत हे प्रमाण पावणेदोनशेच्या पुढे जाते. त्याशिवाय ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’ आणि पदांचा ‘पदार्णव’ आहेच. त्यांना दररोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, ही आख्यायिका या सवयीवरचे लोकांचे मिस्कील भाष्यच म्हणावे लागेल.

या विपुलतेची किंमतही त्यांना मोजावी लागली. अभ्यासक सोडल्यास ‘गीतार्णव’ अखंड वाचणारा वाचक विरळा. ज्ञानेश्वरीचे पारायण घरोघर होते, तसे या महाग्रंथाचे होत नाही. ग्रंथाला समुद्राचे नाव दिले खरे, पण समुद्रकाठी राहणारा माणूसही घागर घेऊन विहिरीवरच जातो.

तथापि दासोपंत केवळ पाने वाढवीत राहिले, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. पंचमहाभूतांपासून देहापर्यंतची तत्त्वांची उतरंड मांडणारा ‘पंचीकरण’ हा वेदान्तातील विषय त्यांनी लिहावयास घेतला, तेव्हा त्यांनी पोथीची सुटी पाने बाजूस सारली आणि एक पासोडी पसरली. पासोडी म्हणजे अंगावर पांघरावयाचे जाड सुती वस्त्र. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या वस्त्रावर त्यांनी ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने तो विषय मांडला. अंबाजोगाईस ही पासोडी श्रद्धेने जतन करण्यात आली आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. पोथीत एक पान उलटले की मागचे दृष्टीआड होते. पंचीकरणासारख्या विषयात तर कोणते तत्त्व कोणापासून निघाले, हा संबंधच मुख्य असतो. तो सुट्या पानांवर तुटतो, सलग वस्त्रावर मात्र नजरेसमोर राहतो. म्हणजे दासोपंतांनी येथे आपली लेखणी आखडती घेतली नाही, तर पानाची रचनाच बदलली. पांघरूण अंथरावे तसे ज्ञान अंथरले. सव्वा लाख ओव्यांचा धनी असलेला हा कवी आज सामान्य मराठी माणसाला आठवतो, तो बहुधा या पासोडीमुळेच.

वाचकाच्या सोयीचा असाच विचार समर्थ रामदासांनीही केलेला दिसतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर मोकळे आणि सारखे असावे, ओळी समान असाव्या, पानाच्या कडेला भोवती जागा सोडावी, असे तेथे सांगितले आहे. कागदाची कड झडली तरी अक्षर झडू नये, हे त्या मोकळ्या जागेचे कारण. किती लिहावे याबरोबरच कोठे लिहू नये, हेही ज्याला कळले, त्याचेच लेखन टिकते.

नौबादकरांस हा विचार परका वाटू नये. आपल्या पायांखालून बहामनी काळातील करेझ, म्हणजे पाण्याचा भूमिगत बोगदा, गेला आहे. जांभ्या खडकातून खोदलेल्या त्या लांबलचक वाटेवर वीसहून अधिक उभी विवरे आहेत. त्यांतून माती बाहेर काढली गेली, त्यांतूनच उजेड व वारा आत गेला. ती नसती तर बोगदा खणताही आला नसता आणि पुढे साफही ठेवता आला नसता. दीर्घ लेखनासही अशीच विवरे लागतात. प्रकरणे, सूची, समासातील खुणा आणि मोकळी जागा ही ती विवरे होत.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन केवळ जुन्या कवीचे स्मरण एवढेच नाही. आपल्या सीमाभागातील जुन्या घरांतून मोडी दप्तरे, वह्या, वंशावळी, यात्रावर्णने, रोजनिशा यांचे गठ्ठे आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, तेव्हापासून नवी पिढी बव्हंशी कन्नड आणि इंग्रजीतून शिकत आली आहे. आजोबांनी फार लिहिले ही तिची अडचण नाही. त्यात शिरावे कोठून, हे तिला कळत नाही, ही खरी अडचण आहे. अशा वेळी ते गठ्ठे जड वाटतात आणि एखाद्या घरबदलीत रद्दीत जातात.

म्हणून ज्यांना लिहिण्याची सवय आहे त्यांनी ती सोडू नये. मात्र वर्षाकाठी थोडे दिवस नवे लेखन थांबवून जुन्याची मांडणी करावी. प्रत्येक वहीला सूची जोडावी, मोडी कागदाचा बाळबोध सारांश वर लावावा, आणि कुळाची सारी हकिकत एका मोठ्या तावावर, एका नजरेत येईल अशी उतरावी. दासोपंतांनी अर्णव लिहिला आणि पासोडीही लिहिली. आपल्या घरात अर्णव पुष्कळ आहेत, पासोडी तेवढी लिहावयाची राहिली आहे.