माडीवरची खोली पाहुण्यांना द्यायचीय? आधी हा हिशेब बघा

बेळगाव : मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळूरला आणि माडीवरच्या खोलीत जुन्या गाद्या नि पत्र्याच्या पेट्या. शहापूर, टिळकवाडी, वडगाव भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मग कोणीतरी सांगतं, "ऑनलाइन टाका, महिन्याला वीस हजार कुठं जात नाहीत." ते ऐकून रंगकाम, गीझर, नवीन गादी यावर पन्नास-साठ हजार घातलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यातल्या काहींचं बरं चाललंय, काहींनी सहा महिन्यांत पेट्या परत माडीवर नेल्या.

पैसे घेऊन घरी पाहुणा ठेवणं आपल्याकडे नवीन नाही. नरसोबाची वाडी, पंढरपूर, गोकर्ण इथं पुजाऱ्यांच्या घरी उतरायची रीत जुनीच आहे. आता त्याला होमस्टे म्हणतात, आणि त्याच्यामागं नोंदणी, कर नि परवाना आला, एवढाच फरक.

येणार कोण?

खोली रंगवायच्या आधी हा प्रश्न. गोव्यात किनाऱ्याजवळ किंवा आंबोलीत पर्यटक येतो, शनिवार-रविवार येतो, पावसाळ्यात धबधब्याला येतो. बेळगावचं गणित निराळं. इथं तीन प्रकारची माणसं येतात. नेहरूनगरच्या मोठ्या इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात मुलाची कसम परेड बघायला आलेले आई-वडील, आणि हिवाळी अधिवेशनात हलगा-बस्तवाडच्या सुवर्णसौधला ये-जा करणारे लोक. अधिवेशनाच्या आठ-दहा दिवसांत शहरातल्या लॉजवर खोली मिळत नाही. कसम परेडला सातारा, सांगली, कोल्हापूरकडून एका मुलामागं चार-पाच माणसं येतात, एक रात्र राहतात. रुग्णाचे नातेवाईक मात्र पंधरा-पंधरा दिवस राहतात, त्यांना नजारा नको असतो. त्यांना तळमजला, गरम पाणी, रात्री अकराला उघडणारं गेट आणि डबा लागतो.

इंदूर-उज्जैनकडच्या वाचकांना 2028 चा सिंहस्थ समोर दिसतोय. तिथं गर्दी हमखास आहे, पण ती काही आठवड्यांची. फक्त तेवढ्यासाठी बांधकाम काढू नये, असं माझं मत.

दहा रात्री की पंधरा?

समजा भाडं रात्रीला 900 रुपये, माणसं दोन, सोबत चहा-नाश्ता. महिन्यात दहा रात्री गेल्या तर जमा 9,000. निम्मी बुकिंग संकेतस्थळावरून आली आणि त्यांचं कमिशन 15 टक्के धरलं तर 675 गेले. उप्पीट-पोहे-चहा रात्रीला 120 प्रमाणे 1,200. चादरी-टॉवेल धुलाई एका पाहुण्यामागं 80, सहा पाहुण्यांचे 480. वीज रात्रीला 35 म्हणजे 350, साबण-पाणी वगैरे 200, आणि झाडूपोछ्याच्या बाईंना वरचे 1,000. खर्च 3,905. हातात 5,095.

आता तीच खोली एखाद्या कॉलेजच्या मुलाला महिन्याला 4,500 ला दिली तर? चादर त्याची, नाश्ता त्याचा. म्हणजे दहा रात्रींच्या धावपळीचे जास्तीचे मिळाले 595 रुपये.

पंधरा रात्री गेल्या, नऊ पाहुणे आले, तर जमा 13,500, खर्च साधारण 5,350, हातात आठ हजारांच्या वर. तिथं कष्टाला मोल आहे. आपल्या घराचा हा आकडा प्रत्येकानं स्वतः कागदावर काढावा, आणि त्यात आपली मेहनत फुकट धरू नये. पहाटे पाचच्या गाडीनं येणाऱ्याला दार उघडायला उठणारी बहुतेक घरची बाईच असते, आणि हिशेबात तिचं नाव कुठंच नसतं.

पाहुणा, पेइंग गेस्ट आणि भाडेकरू

यात गल्लत झाली की भांडण कोर्टापर्यंत जातं. रोजच्या दरानं आलेला पाहुणा खोली वापरतो, पण ताबा तुमचाच राहतो. किल्लीची एक प्रत तुमच्याकडे, साफसफाई तुमची. कायद्याच्या भाषेत ही वापरापुरती परवानगी झाली. पण वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर, महिन्याचं भाडं आणि कागद काहीच नाही, अशा स्थितीत एखादा दोन वर्षं राहिला तर तो स्वतःला भाडेकरू म्हणवून घेऊ शकतो. म्हणून मुक्काम महिन्याच्या पुढं जातोय असं दिसलं की लेखी करार करावा. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत लागतोच.

नोंदणी कुठं?

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची 'अतुल्य भारत' बेड अँड ब्रेकफास्ट योजना आहे. त्यात एक ते सहा खोल्या चालतात, आणि मुख्य अट अशी की मालक कुटुंबासह त्याच घरात राहिला पाहिजे. पुण्यात बसून बेळगावचा फ्लॅट चालवणारा यात बसत नाही. महाराष्ट्रात निवास व न्याहरी योजना आहे. कर्नाटकात पर्यटन खात्याच्या जिल्हा कार्यालयात जावं लागतं, तिथं पोलिसांचा आणि महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागतात. गोव्यात मात्र हा ऐच्छिक मामला नाही. तिथं 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करूनच पाहुणा घ्यायचा, मग खोली एक असली तरी.

फ्लॅट असेल तर आधी सोसायटीला किंवा असोसिएशनला लेखी कळवा. शेजाऱ्यांची तक्रार पाहुण्याबद्दल कमी आणि त्याच्या गाडीच्या पार्किंगबद्दल जास्त असते. विजेचं मीटर घरगुतीच राहणार की व्यापारी दर लागणार, हे हेस्कॉमच्या कचेरीत विचारून उत्तर शक्यतो लेखी घ्या. महाराष्ट्रात महावितरण, गोव्यात वीज खातं.

आणि बोर्ड. कर्नाटकात व्यावसायिक फलकावर 60 टक्के जागा कन्नडला, असा नियम 2024 च्या दुरुस्तीनं झाला. बेळगावात या विषयावर किती तापतं ते सांगायला नको. बरेच जण बोर्डच लावत नाहीत, नकाशावर खूण टाकून फोनवर पत्ता सांगतात. पण लावायचाच असेल तर नियमाप्रमाणे लावा, पाहुणा जिन्यावर असताना गेटवर वाद नको.

कर

इथं लोक उगीच घाबरतात. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. संकेतस्थळावरून बुकिंग आलं तर अशा छोट्या मालकाच्या वतीनं जीएसटी तेच भरतात. दिवसाला 7,500 पर्यंतच्या खोलीला हा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, आधी 12 होता. संकेतस्थळ आयकरापोटी थोडी कपातही करतं, दर 0.1 टक्का. वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलं असेल तर वैयक्तिक मालकाची तीही होत नाही. पॅन दिलं नाही तर मात्र 5 टक्के जातात, तेव्हा पहिल्याच दिवशी द्या.

आयकरात एक बारीक गोष्ट आहे. नुसतं घरभाडं असेल तर त्यातून सरसकट 30 टक्के वजावट मिळते. पण चहा, नाश्ता, चादर, साफसफाई अशी सेवा दिली की ते सहसा व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं. मग ती 30 टक्क्यांची वजावट विसरायची आणि खरा खर्च दाखवायचा, नाहीतर जमेच्या 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरायची सोपी पद्धत घ्यायची. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळं बहुतेक पेन्शनरांना प्रत्यक्ष भरायचं काही नसतं. पण एकूण उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल तर विवरणपत्र भरायला हवं. जेवण-नाश्ता देणार असाल तर अन्नसुरक्षा खात्याची मूळ नोंदणीही लागते. छोट्या धंद्याला तिची फी वर्षाला 100 रुपये आहे.

रजिस्टर

एका ओळखीच्या काकूंकडं दोन रात्री एक माणूस राहून गेला. बोलायला गोड, रोख पैसे, ओळखपत्र "उद्या देतो". तिसऱ्या दिवशी पोलीस त्याची चौकशी करत दारात आले तेव्हा काकूंकडं ना पत्ता होता, ना गाडीचा नंबर. कारवाई काही झाली नाही. पण पासष्टीच्या बाईला दोनदा ठाण्यात जाऊन बसावं लागलं, आणि गल्लीत जे व्हायचं ते बोलणं झालंच. त्यानंतर चार महिने त्यांनी कुणालाच खोली दिली नाही.

तेव्हा साधी शंभरपानी वही ठेवा. नाव, पत्ता, फोन, कुठून आला, कुठं जाणार, गाडीचा नंबर, आल्या-गेल्याची वेळ, सही. खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंद, फक्त एकाची नव्हे. ओळखपत्र बघून प्रत घ्या, मूळ कागद अडकवून ठेवू नका. आधारचे शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत चालते. पाहुणा परदेशी असेल तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे. पूर्वी याला 'सी फॉर्म' म्हणत. 1946 चा कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा आला, पण हे बंधन कायम आहे. अनिवासी मराठी माणूस परदेशी पासपोर्टवर आला तर तो तुमच्या मावशीच्या ओळखीचा असला तरी कागदावर परदेशीच.

कॅमेरा गेटवर चालतो, तोही पाहुण्याला सांगून. खोलीत किंवा न्हाणीघराच्या वाटेवर नको.

घरचे नियम बुकिंगच्या आधी मोबाइलवर लिहून पाठवा. मांसाहार चालतो की नाही, दारू, रात्री गेट किती वाजता बंद, पाण्याचा दिवस कुठला. आल्यावर तोंडी सांगितलं की पाहुण्याला अपमान वाटतो, आणि आगाऊ पैसे कुणी किती परत द्यायचे हा वाद सुरू होतो. गणपतीचे दिवस, घरातलं लग्न, परीक्षा अशा तारखा कॅलेंडरवर आधीच बंद करून टाका. काकूंनी आता पुन्हा खोली सुरू केलीय, पण फक्त इस्पितळातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी, आणि दारामागं खिळ्याला वही टांगलेली असते, पेनासकट.