खरखरीमागची हाक

किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे ५२ गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगावली.

अशा वेळी अन्नपाण्याइतकीच निकड असते ती निरोपाची. भूकंपग्रस्त भागात हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, या कामी हातभार लावला. एक बॅटरी, लहानसा संच आणि उंचावर ताणलेली तार एवढ्यावर हॅम शेकडो किलोमीटर दूर बोलू शकतो. पण पलीकडचा क्षीण आवाज त्याला ऐकू यायला हवा ना! तिथे आडवी येते ती खरखर.

ही खरखर बिनतारी संदेशाइतकीच जुनी आहे. सुरुवातीचे संच विजेची ठिणगी पाडून लहरी सोडत. ठिणगीच्या लहरी नेमक्या एका जागी राहत नाहीत, चहूकडे पसरतात. त्यामुळे एक केंद्र बोलू लागले की शेजारचे दबून जाई. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१२ साली अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर पिटाळले. या लहरी तेव्हा कुचकामी समजल्या जात. पण १९२३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावरूनच अमेरिका आणि फ्रान्समधले हौशी अटलांटिकच्या आरपार बोलले! टाकाऊ ठरवलेली जागाच लाखमोलाची निघाली.

पुढे ठिणगीचे संच गेले, ठिणगी मात्र घरोघर राहिली: मिक्सरच्या मोटारीत, विजेच्या खांबावरच्या ढिल्या जोडात. आता एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांचीही भर पडली आहे.

चोर शोधायची रीत सोपी आहे. संच बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच. मग एकेक उपकरण चालू करून पाहा. थांबली नाही, तर मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर हाती घेऊन बाहेर पडा. तो फिरवला की एका दिशेला आवाज पडतो. त्यावरून उगमाचा अंदाज येतो. सापडलेल्या उपकरणाच्या वायरीला फेराइटच्या कड्यातून चार-सहा वेढे द्यावेत, एरियल घरापासून दूर न्यावी. खांबावर मात्र स्वतः चढू नये, वीज कंपनीला कळवावे.

व्यत्यय दुतर्फा असतो, हेही हॅमने विसरू नये. त्याच्या संचामुळे शेजारच्या टीव्हीवर पट्टे उमटले, तर ते दूर करायला त्यानेच पुढे व्हावे. आज शेजाऱ्याशी गोडीगुलाबीने बोलून एक चार्जर बदलून घेतला, तर उद्या संकटाच्या रात्री कुणाची तरी हाक त्या खरखरीत हरवणार नाही.