ताऱ्याचा व्यास आणि शलाकेची जाडी : एका मोजणीची कुळकथा

जपानमधील त्सुकुबा येथे केईके या उच्च ऊर्जा संशोधन संस्थेच्या आवारात एटीएफ नावाची कणवेगवर्धकाची चाचणी-सुविधा आहे. नवे कण शोधणे हे तिचे काम नाही. भविष्यातील मोठ्या यंत्रांना लागणारी अतिशय बारीक इलेक्ट्रॉन-शलाका, म्हणजे एकाच दिशेने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत, कशी घडवावी आणि घडल्यावर ती खरोखर किती बारीक आहे हे कसे मोजावे, एवढ्यासाठीच ती उभारली गेली. या एका सुविधेत शलाकेची जाडी मोजण्याच्या दोन पद्धती दोन टोकांना वापरल्या गेल्या आणि दोन्हींत प्रकाशाच्या उजळ-काळ्या पट्ट्यांचा ठळकपणा मोजूनच जाडी ठरवली जाते. पहिली पद्धत ताऱ्यांचे व्यास मोजण्याच्या एकोणिसाव्या शतकातील युक्तीतून थेट आली, हे तिच्या निर्मात्यांनी उघडपणे मांडले आहे. दुसरीचे कुळ मात्र वादाचे आहे. तीही त्याच घराण्यातली आहे, फक्त तिच्यात प्रकाश आणि वस्तू यांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत, हे येथे दाखवायचे आहे.

शलाका-निदानाचा, म्हणजे धावत्या शलाकेचा आकार, स्थान आणि तीव्रता मोजण्याच्या शास्त्राचा, सर्वपरिचित इतिहास थोडक्यात सांगता येतो. आधी शलाकेच्या वाटेत चमकणारे पडदे ठेवले गेले, मग बारीक तारा शलाकेतून फिरवून उडणारे कण मोजले गेले, आणि वर्तुळाकार यंत्रांत वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून बाहेर पडणाऱ्या सिंक्रोट्रॉन प्रारणाची भिंगाने प्रतिमा घेतली गेली. शलाका प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ जाड होती तोवर हे सारे पुरेसे होते. ती काही मायक्रॉनांपर्यंत आली तेव्हा भिंगातून मिळणारी प्रतिमा विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश कडांपाशी पसरतो त्यामुळे, फुगलेली दिसू लागली. आणि ती मायक्रॉनाच्याही खाली गेली तेव्हा सर्वात बारीक तारही तिच्यापेक्षा जाड ठरली, शिवाय इतक्या दाट शलाकेपुढे तार टिकेना. वस्तू दिसते, पण तिची रुंदी उपकरणाच्या मर्यादेत हरवते, ही अडचण खगोलशास्त्रज्ञांपुढे शंभर वर्षांहून अधिक काळ आधी उभी राहिली होती.

१८६८ मध्ये फ्रान्समधील इप्पोलित फिझो यांनी असे सुचवले की दुर्बिणीच्या तोंडावर एकमेकींपासून दूर असलेल्या दोन फटी ठेवाव्यात आणि ताऱ्याच्या प्रकाशाचे व्यतिकरण पट्टे पाहावेत. दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यावर कोठे प्रबळ आणि कोठे नष्ट होतात, त्यातून हे उजळ आणि काळे पट्टे उमटतात. टॉमस यंग यांच्या प्रयोगापासून ते सर्वांना ठाऊक होते. फिझो यांची सूक्ष्मदृष्टी अशी की तारा हा खरोखरचा बिंदू असेल तर पट्टे स्वच्छ दिसतील; पण त्याला रुंदी असेल तर त्याच्या तबकडीवरचा प्रत्येक बिंदू आपले पट्टे किंचित सरकलेल्या जागी उमटवील, ते सारे एकमेकांवर पडतील आणि फिके होतील. एदुआर स्तेफाँ यांनी १८७३-७४ मध्ये मार्सेय येथील ८० सेंमी व्यासाच्या दुर्बिणीवर ६५ सेंमी अंतरावरच्या फटी लावून ही युक्ती अनेक ताऱ्यांवर वापरली. पट्टे कोठेही नाहीसे झाले नाहीत, म्हणून ताऱ्यांचे कोनीय व्यास ०.१५८ विकलेपेक्षा लहान असले पाहिजेत एवढाच निष्कर्ष त्यांना काढता आला. हा निकाल अपयश म्हणून सांगितला जातो, परंतु या कुळकथेत त्याचे मोल मोठे आहे: पट्ट्यांच्या पद्धतीने हाती प्रथम वरची मर्यादा येते, प्रत्यक्ष आकार नंतर येतो, हा या घराण्याचा स्वभाव तेथे पहिल्यांदा दिसला.

या युक्तीला मोजमापाची भाषा अल्बर्ट मायकेलसन यांनी दिली. १८९० च्या सुमारास त्यांनी पट्ट्यांच्या ठळकपणासाठी 'दृश्यता' हे गुणोत्तर रूढ केले, म्हणजे सर्वाधिक आणि किमान तेजांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून येणारी संख्या. पट्टे पूर्ण स्वच्छ असतील तर ती एक येते, पुसले गेले तर शून्य. १८९१ मध्ये लिक वेधशाळेत त्यांनी गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांचे व्यास या रीतीने मोजले. पुढे १३ डिसेंबर १९२० रोजी माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीवर वीस फुटांचा तुळईसारखा सांगाडा बसवून, त्यावरचे आरसे हळूहळू दूर सरकवत नेल्यावर, मृग नक्षत्रातील काक्षी या ताऱ्याचे पट्टे सुमारे दहा फुटांच्या अंतराशी नाहीसे झाले, आणि मायकेलसन व फ्रान्सिस पीझ यांनी त्या अंतरावरून ताऱ्याचा व्यास ०.०४७ विकला असल्याचे काढले. १९३४ मध्ये फान सिटर्ट आणि १९३८ मध्ये झेर्निके यांनी या पद्धतीमागचे गणित सर्वसाधारण रूपात सिद्ध केले: फटींमधील अंतर बदलत दृश्यता मोजत गेले, तर मिळणारा आलेख हा प्रकाशस्रोताच्या आकाराचे फूरिए रूपांतर असतो, म्हणजे त्या आकारात किती बारकाईच्या चढउतारांचा किती वाटा आहे याचा हिशेब असतो.

या सिद्धान्तात स्रोत तारा असला पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. तरीही कणवेगवर्धकांपर्यंत ही युक्ती पोचायला साठ वर्षे लागली, आणि त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही: तोवरच्या शलाका भिंगाला झेपत होत्या, म्हणून कोणाला ताऱ्यांकडे पाहण्याची गरज पडली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केईके येथील तोशियुकी मित्सुहाशी यांनी सिंक्रोट्रॉन प्रारणापुढे दोन फटी ठेवून मायकेलसन यांचाच प्रयोग इलेक्ट्रॉन-शलाकेवर केला. तारा होता तेथे शलाका आली, एवढाच फरक. एटीएफमध्ये हे उपकरण डॅम्पिंग रिंगवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना पुनःपुन्हा प्रारण सोडायला लावून त्यांचा पसारा आटवणाऱ्या सुमारे १३९ मीटर परिघाच्या कड्यावर, वापरले गेले.

तेथे एक अनपेक्षित उसनवारी घडली. काही मायक्रॉन जाडीच्या शलाकेसाठी फटी एकमेकींपासून बऱ्याच दूर न्याव्या लागतात आणि मग काचेच्या भिंगाचा एक दोष नडतो: काच वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी वळवते, त्यामुळे पट्टे शलाकेच्या रुंदीवाचूनच फिके होतात. उपाय म्हणून भिंगाऐवजी आरसा घेतला गेला आणि त्याची मांडणी हर्शेल पद्धतीची ठेवली गेली. विल्यम हर्शेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मोठ्या दुर्बिणींत मुख्य आरसा किंचित तिरका बसवला होता, कारण त्या काळच्या धातूच्या आरशांत परावर्तनागणिक बराच प्रकाश वाया जात असे आणि तिरक्या मांडणीमुळे दुसऱ्या आरशाची गरजच उरत नसे. त्सुकुबात प्रकाशाचा तुटवडा नव्हता. तिरका आरसा तेथे आला तो रंगदोष टाळून प्रकाशाच्या वाटेत काहीही आडवे न येऊ देण्यासाठी. या मांडणीने शलाकेची उभी जाडी ४.७ मायक्रॉन मोजली गेली. हर्शेल यांची दुर्बीण आणि मायकेलसन यांच्या फटी अशा रीतीने एका इलेक्ट्रॉन-कड्याच्या बाजूला एकत्र आल्या.

आता वादाचे उपकरण. १९९२ मध्ये त्सुमोरु शिंताके यांनी नॅनोमीटर-जाडीच्या शलाकांसाठी एक प्रस्ताव मांडला. लेसरचा किरण दोन भागांत विभागून ते दोन भाग शलाकेच्या वाटेवर एकमेकांना छेदतील असे वळवावेत. छेदाच्या जागी प्रकाशाचे उजळ-काळे थर उभे राहतील आणि इलेक्ट्रॉन त्यांतून आरपार जातील. इलेक्ट्रॉन उजळ थरातून गेले की कॉम्प्टन प्रकीर्णन होते, म्हणजे प्रकाशकण इलेक्ट्रॉनावर आदळून त्याची ऊर्जा घेऊन गॅमा किरण होऊन पुढे उडतो. काळ्या थरातून गेले तर जवळजवळ काहीच घडत नाही. थर आणि शलाका एकमेकांच्या सापेक्ष सरकवत गेले की गॅमा किरणांची संख्या वरखाली होते. कंगव्याच्या दातांवरून बारीक दोरा ओढला तर प्रत्येक दात हाताला जाणवतो आणि जाड दोरखंड ओढला तर दात असल्याचेही कळत नाही, तसेच येथे घडते: शलाका थरांच्या मानाने बारीक असेल तर चढउतार मोठा, जाड असेल तर तो सपाट होतो. कॅलिफोर्नियातील स्लॅक या वेगवर्धक-प्रयोगशाळेच्या अंतिम केंद्रीकरणाच्या चाचणी-मार्गावर १९९४ मध्ये १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने सुमारे ७० नॅनोमीटर जाडी याच रीतीने मोजली गेली. तो मार्ग पुढे बंद झाल्यावर हे उपकरण सुधारून एटीएफच्या वाढीव भागात, एटीएफ-२ मध्ये, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरसह बसवले गेले.

या उपकरणाच्या पूर्वजपदावर तीन दावे सांगता येतात. पहिला बारीक तारेचा: लेसरचे थर म्हणजे न वितळणारी तार, असे म्हणणे सोयीचे आहे. परंतु तारेची मोजणी शलाकेचा आकार थेट रेखाटते. थरांच्या मोजणीत आकार कोठेच उमटत नाही, हाती येते ती एक संख्या आणि आकार तिच्यावरून काढावा लागतो. दुसरा दावा कापिट्झा आणि डिरॅक यांचा. १९३३ मध्ये त्यांनी असे भाकीत केले की प्रकाशाच्या स्थिर लहरींतून जाणारे इलेक्ट्रॉन जाळीवरून विवर्तित व्हावेत तसे वळतील. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचे स्थिर थर यांची गाठ तेथे पहिल्यांदा पडते, यात शंका नाही. पण तेथे इलेक्ट्रॉनाचे लहरीपण पणाला लागते आणि वळलेले इलेक्ट्रॉन पाहिले जातात, तर शिंताके यांच्या उपकरणात इलेक्ट्रॉन कण म्हणून वावरतात आणि मोजले जातात ते गॅमा किरण.

तिसरा दावा सर्वात बळकट आहे. १९६४ मध्ये ये आणि कमिन्स यांनी लेसरच्या साहाय्याने द्रवाच्या प्रवाहाचा वेग मोजला. पुढे त्या तंत्राचे स्पष्टीकरण असे रूढ झाले की दोन किरणांच्या छेदातून पट्टे उभे राहतात आणि त्यांतून वाहणारा धुळीचा कण लुकलुकतो. १९७२ मध्ये फार्मर यांनी दाखवले की या लुकलुकण्याच्या खोलीवरून कणाची जाडीही काढता येते. दोन छेदणारे किरण, पट्ट्यांच्या अंतराचे तेच सूत्र, जाड वस्तूने चढउतार सपाट होणे, सारे काही शिंताके यांच्या रचनेशी जुळते. मग ताऱ्यांना मध्ये आणावेच का? याचे उत्तर असे की फार्मर यांनी ज्या राशीवरून जाडी काढली ती मायकेलसन यांची दृश्यताच होती. हा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याच कुळाची चुलत शाखा ठरतो. किरण छेदण्याची बांधणी प्रवाहमापनाकडून आली असे मानायला हरकत नाही. पण त्या बांधणीतून आलेला आकडा वाचण्याची रीत वेधशाळेचीच आहे.

या निष्कर्षाला एटीएफ-२ मधील रोजच्या कामाचा आधार मिळतो. तेथे दोन किरणांमधील छेदकोन बदलता येतो: १७४ अंशांवर थरांचे अंतर २६६ नॅनोमीटर, ३० अंशांवर सुमारे एक मायक्रॉन, आणि २ ते ८ अंशांवर काही मायक्रॉन ते सुमारे पंधरा मायक्रॉन. शलाका जाड असताना लहान कोन आणि ती आटत जाईल तसा मोठा कोन निवडला जातो. माउंट विल्सनवर आरसे दूर सरकवणे आणि त्सुकुबात कोन वाढवणे ही गणिताच्या दृष्टीने एकच कृती आहे, कारण दोन्हींत आकाराच्या फूरिए हिशेबातील एकेक नोंद तपासली जाते. ३७ नॅनोमीटर या उद्दिष्ट-जाडीला १७४ अंशांवर चढउताराचे गुणोत्तर ०.६८ यावे असे गणित सांगते. उणीवही एकाच रक्तातली आहे. स्तेफाँ यांच्या काळापासून हवेची थरथर पट्टे फिके करून ताऱ्याला खोटी जाडी देत आली. एटीएफ-२ मध्ये लेसरचे दोन किरण असमान असणे, थर किंचित तिरके असणे, शलाका थरथरणे यांमुळे हेच घडते. म्हणून मिळालेली जाडी ही मुळात वरची मर्यादा असते आणि प्रत्येक बिघाड तीच आणखी फुगवतो. या साऱ्या अडथळ्यांशी झगडत तेथे २०१४ मध्ये सुमारे ४४ आणि २०१६ मध्ये सुमारे ४१ नॅनोमीटरपर्यंत मजल मारली गेली.

कुळ ठरवण्याचा खरा उपयोग पुढच्या पिढीकडे पाहताना होतो. नियोजित आंतरराष्ट्रीय रेषीय टक्कर-यंत्रात शलाकेची उभी जाडी सुमारे सहा ते आठ नॅनोमीटर असेल. २६६ नॅनोमीटरच्या थरांतून सहा नॅनोमीटरची शलाका गेली तर चढउतार फक्त सुमारे एक टक्क्याने कमी होईल, म्हणजे शलाका बिंदूसारखी भासेल आणि मोजणी स्तेफाँ यांच्या जागी परत जाऊन थांबेल. या उपकरणाला जे तारेचे बदली रूप मानतात त्यांना येथे अधिक स्थिर लेसर हवासा वाटेल. ज्यांना त्याचे खगोलीय मूळ मान्य आहे त्यांना इलाज वंशपरंपरेतच लिहिलेला दिसेल: मायकेलसन यांनी फटी दूर नेल्या, कारण ताऱ्याची तरंगलांबी त्यांना बदलता येत नव्हती, वेगवर्धकात कोन जवळजवळ समोरासमोर पोचलेला असल्याने आता तरंगलांबीच आखूड करावी लागेल.