एका कलमाच्या मागावर

सोबत फारसं काही घेऊ नका. पहिल्या मुक्कामी फोन चालणार नाही, आणि पुढे जिथे चालेल तिथेही त्यावरून कुणाला सावध करता येणार नाही. बघायचं, ऐकायचं, वाचायचं, पण हात कशालाही लावायचा नाही. प्रवास आफ्रिकेतला आहे. ज्या कलमाचा माग काढायचा आहे, ते मात्र तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे.

अक्रा, मे १९३६

तुम्ही ‘आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट’च्या छापखान्यात उभे आहात. दमट उकाडा आहे, शाईचा वास कपड्यांना चिकटतो आहे. खिळे जुळवणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघा. अक्षरं उलटी आहेत, तरी मथळा लागतो: आफ्रिकी माणसाला देव आहे का? मजकूर १५ मेच्या अंकासाठीचा. युरोपियन माणूस तोंडाने ख्रिस्ताचं नाव घेतो आणि आफ्रिकेत भक्ती मात्र कपटाची करतो, असा एकूण सूर. लिहिणारे आय. टी. ए. वॉलेस-जॉन्सन, सिएरा लिओनहून आलेले कामगार पुढारी. संपादक न्नाम्दी अझिकिवे. पुढे नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होणार आहेत, पण आज त्यांच्यापुढे फक्त प्रूफं आहेत.

अंक निघतो आणि थोड्याच दिवसांत पोलीस येतात. गोल्ड कोस्टच्या सरकारने १९३४मध्येच फौजदारी कायद्यात राजद्रोहाचं कडक कलम घातलेलं आहे. त्याविरुद्ध इथल्या पुढाऱ्यांची शिष्टमंडळं लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परत आली आहेत. अझिकिवे अपिलात सुटतात. वॉलेस-जॉन्सन सुटत नाहीत. त्यांचं प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे जातं. तिथे त्यांच्या बाजूचा मुद्दा साधा आहे: लेखाने कुणाला हिंसेला चिथावलं? न्यायाधीशांचं उत्तर त्याहून साधं आहे: या कलमाला चिथावणीची गरजच नाही, सरकारविषयी अप्रीती निर्माण करण्याचा हेतू पुरे.

हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय ना? १८९७ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘केसरी’च्या खटल्यात ज्यूरीला हेच समजावलं होतं, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. पुढे १९४७मध्ये मुंबईहूनच सदाशिव नारायण भालेराव यांचं प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. तेव्हा पुण्याच्या संपादकाचा खटला आणि अक्राच्या लेखकाचा खटला एकाच निकालपत्रात शेजारी शेजारी येऊन बसले.

सत्तेला एका वसाहतीतलं कलम दुसरीकडे न्यायला कुणाची आडकाठी नव्हती. मसुदे तयार होते, निकाल तयार होते, न्यायाधीशही तेच. संपादक मात्र ज्याच्या त्याच्या गावात एकटा. वॉलेस-जॉन्सन यांच्या मागे लंडनमधले थोडे सहानुभूतीदार होते, पण अक्राहून लागोसला किंवा मुंबईला हाक पोचवील आणि तिथून ओ येईल अशी व्यवस्था कुठेच नव्हती. ती व्हायला अर्धशतकाहून जास्त काळ जातो. तेवढा काळ आता ओलांडा.

विंडहूक, ३ मे १९९१

हवा कोरडी आहे, मे असूनही गारठा जाणवतो. दक्षिण गोलार्धात थंडी सुरू होते आहे. खिशात दक्षिण आफ्रिकेचा रँड ठेवा, नामिबियाने स्वतःचं चलन अजून काढलेलं नाही. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने झालेत. शहराच्या मुख्य रस्त्याचं ‘इंडिपेंडन्स अव्हेन्यू’ हे नावही नवंच.

सभागृहात खंडभरातून आलेले साठाहून अधिक पत्रकार आहेत. आमंत्रण संयुक्त राष्ट्रांचं आणि युनेस्कोचं. अध्यक्षपदाची धुरा सांभाळणाऱ्यांत ग्वेन लिस्टर आहेत, ‘द नामिबियन’च्या संस्थापक संपादक. १९८८च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कचेरीवर पेटते बॉम्ब टाकण्यात आले होते. शेजारी बसलेल्या कुणाला विचारा, त्याची गोष्टही याच जातीची निघेल. फक्त त्याला तुमची आणि तुम्हाला त्याची गोष्ट आजवर कळलेली नसते. एका आफ्रिकी देशातून शेजारच्या देशात फोन लावायचा तर तो बरेचदा युरोपातून वळसा घालून जातो, आणि इंग्रजी छापणाऱ्याला फ्रेंच छापणाऱ्याची खबर नसते.

मेजावरचा मसुदा जवळ ओढा. त्यात दोन आकडे आहेत. आज आफ्रिकेतल्या तुरुंगांत किमान १७ पत्रकार, संपादक वा प्रकाशक आहेत, आणि १९६९ ते १९९० या काळात काम करताना ४८ आफ्रिकी पत्रकार मारले गेले. हे वाचल्यावर सगळा भर तुरुंग आणि बंदूक यांवर असेल असं वाटतं. तसं नाही. स्वतंत्र वृत्तपत्र कशाला म्हणायचं, हे सांगताना मसुदा सरकारी, राजकीय आणि आर्थिक नियंत्रणाबरोबर आणखी एक गोष्ट धरतो: छपाईला आणि वाटपाला लागणारी सामग्री आणि यंत्रणा. म्हणजे कागद, यंत्रं, वितरण. कागदाच्या आयातीचा परवाना मंत्रालयाच्या खणात असेल आणि गावातलं एकमेव छपाईयंत्र सरकारी असेल, तर संपादकाला पकडायची गरजच उरत नाही. कागद आला नाही, एवढंच कळवायचं. सरकारी जाहिराती अडल्या की काय होतं, हे आपल्याकडे तालुक्याचं साप्ताहिक चालवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ही व्याख्या अशाच अनुभवातून आली आहे, म्हणून टिकली.

जाहीरनामा संमत होतो. टाळ्या वाजतात. टाळ्या थांबल्यावर लगेच निघू नका, कारण खरं काम त्यानंतरचं. पुढच्या वर्षी, १९९२मध्ये, याच विंडहूकमध्ये ‘मीडिया इन्स्टिट्यूट ऑफ सदर्न आफ्रिका’ म्हणजे मिसा उभी राहते. त्याच वर्षी माँट्रियलला ‘आयफेक्स’ हे जगभरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्य संघटनांचं जाळं तयार होतं.

आता मिसाच्या कचेरीतल्या फॅक्स यंत्रापाशी उभे राहा. गुळगुळीत कागद घरघरत बाहेर येतो. त्यावर भाषण नाही. कोणाला पकडलं, कधी, कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या कलमाखाली आणि हे कोणी पडताळलं, एवढंच. हाच मजकूर दहा देशांत जातो आणि तिथल्या संघटना आपापल्या नावाने, अटक जिथे झाली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडतात. ठाणेदाराला वाटत असतं की कोठडीतल्या माणसाची बाहेर कुणाला गंधवार्ता नाही. मग वरून फोन येतो. दर वेळी सुटका होतेच असं नाही, पण माणूस गुपचूप नाहीसा करणं अवघड होतं.

१९९३च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांची आमसभा ३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन ठरवते. आपल्याकडे त्या दिवशी व्याख्यानं होतात. तारीख कुठून आली, ते आता तुम्ही पाहिलंत.

बांजुल, १६ डिसेंबर २००४

गाम्बियाची राजधानी. मानवाधिकारांच्या आफ्रिकी आयोगाचं मुख्यालय इथेच. याच आयोगाने २००२च्या ऑक्टोबरमध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वांचा जाहीरनामा संमत केला. विंडहूकला पत्रकारांनी मागितलेलं बरंच काही त्यामुळे सरकारांच्या स्वतःच्या व्यासपीठावर कागदोपत्री आलं. मिसा आणि आर्टिकल १९ यांसारख्या संघटनांनी त्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला होता.

कागद मुख्यालयात आहे. त्याच शहराच्या परिसरात आज ‘द पॉइंट’ या वृत्तपत्राचा तेरावा वर्धापनदिन आहे. सहसंस्थापक देइदा हैदारा यांचा स्तंभ थेट राष्ट्राध्यक्षांना सकाळचा नमस्कार घालून सुरू होतो आणि मग त्यांची खरडपट्टी काढतो. ते एएफपी या वृत्तसंस्थेचे आणि ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’चेही प्रतिनिधी आहेत. दोनच दिवसांपूर्वी संसदेने पत्रकारांना तुरुंगात धाडणाऱ्या तरतुदी आणि वृत्तपत्रांकडून घ्यायच्या हमीची वाढीव रक्कम मंजूर केली आहे. हैदारा या कायद्यांशी लढायच्या तयारीत आहेत.

रात्री कार्यालयातल्या दोन सहकारी बायकांना घरी सोडायला ते गाडी काढतात. पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्हाला बोलता येत नाही. गोळ्या हैदारांना लागतात. दोघी जखमी होतात, वाचतात.

देशात तपास पुढे सरकत नाही. तेव्हा हैदारांचे कुटुंबीय आणि आंतरराष्ट्रीय पत्रकार महासंघाचं आफ्रिका कार्यालय मिळून पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास न्यायालयात, अबुजाला जातात. १० जून २०१४ रोजी निकाल येतो: गाम्बियाने खुनाचा नीट तपास केला नाही, कुटुंबाला ५०,००० डॉलर द्यावेत. मारेकरी मात्र मोकळेच. इथेच फाइल बंद झाली असती.

आडिस अबाबा, मार्च २०१४

थोडं मागे या. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाचं ठाणं टांझानियात अरुशाला, पण या वेळची सुनावणी इथे आहे. अर्जदार लोहे इसा कोनाते, बुर्किना फासोतल्या ‘लुरागाँ’ या साप्ताहिकाचे संपादक. २०१२मध्ये त्यांनी एका सरकारी वकिलावर भ्रष्टाचाराचे आरोप छापले. शिक्षा झाली बारा महिने कैद, वर जबर दंड आणि नुकसानभरपाई, आणि सहा महिने पत्र बंद.

कोनाते इथवर पोचले कसे, हे नीट पाहा. या न्यायालयाचं दार सामान्य माणसाला सरसकट उघडं नाही. त्याच्या देशाने तसं वेगळं घोषणापत्र दिलेलं असेल तरच तो थेट येऊ शकतो. बुर्किना फासोने ते दिलेलं आहे. दार किलकिलं आहे, पण आत यायला वकील हवा, पैसा हवा आणि या न्यायालयाची भाषा कळणारं कुणीतरी हवं. वाऱ्यावर सोडलेल्या साप्ताहिकाच्या संपादकाला हे कुठून जमणार? वकील आणले पत्रकारांचे खटले चालवणाऱ्या लंडनच्या एका संस्थेने, मीडिया लीगल डिफेन्स इनिशिएटिव्हने. लेखकांची संघटना पेन, पत्रकारांच्या संरक्षणासाठीची सीपीजे, वृत्तपत्रांची जागतिक संघटना वान-इफ्रा आणि सदर्न आफ्रिका लिटिगेशन सेंटर यांच्यासह अनेक संघटना एकत्र येऊन न्यायमित्र म्हणून बाजू मांडतात. बदनामीसाठी तुरुंग हा या खंडावर वसाहतींनी मागे ठेवलेला वारसा आहे आणि तो एकट्या कोनातेंचा प्रश्न नाही, हे न्यायालयापुढे त्यामुळे येतं.

निकाल ५ डिसेंबर २०१४ला लागतो. बदनामीसाठी कैदेची शिक्षा हा मानवाधिकारांच्या आफ्रिकी सनदेचा भंग आहे, यावर न्यायाधीशांचं एकमत. बदनामी हा गुन्हाच असू नये, इथवर मात्र बहुमत जात नाही. तरी पुढच्याच वर्षी बुर्किना फासो कायद्यातून ती कैद काढतो. २०१७मध्ये केनियाचं हायकोर्ट फौजदारी बदनामीचं कलम घटनाबाह्य ठरवतं, आणि कोनाते निकालाचा हवाला देतं. २०१८मध्ये इकोवास न्यायालय आफ्रिकी पत्रकार महासंघाच्या अर्जावर गाम्बियाला बजावतं की तुमचा राजद्रोहाचा कायदा बदला. ज्या वाटेने कलम देशोदेशी पसरलं होतं, त्याच वाटेने आता निकाल जाऊ लागलेत. घाना, म्हणजे पूर्वीचा गोल्ड कोस्ट, त्याने तर २००१मध्येच हे कलम पुस्तकातून काढून टाकलं होतं.

त्सेले, ३० नोव्हेंबर २०२३

आफ्रिका सोडून तुम्ही उत्तर जर्मनीतल्या एका लहान शहराच्या न्यायालयात का आलात? कारण आरोपीच्या जागी बाई लोवे आहे, गाम्बियाच्या तेव्हाच्या हुकूमशहाच्या मारेकरी तुकडीचा ड्रायव्हर. हैदारांच्या खुनातल्या गाड्यांपैकी एक त्याच्या हाती होती. तो जर्मनीत आश्रयाला आला होता आणि २०१३मध्ये परागंदा गाम्बियन पत्रकाराच्या अमेरिकेतून चालणाऱ्या रेडिओवर सगळं सविस्तर बोलला होता. ते बोलणं आता न्यायालयात पुरावा म्हणून ऐकवलं जातं. हैदारांचा मुलगा इथे फिर्यादीच्या बाजूने उभा आहे. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि ट्रायल इंटरनॅशनल यांसारख्या संघटना पहिल्यापासून हा खटला धरून बसल्या आहेत. शिक्षा होते जन्मठेप. खुनाला एकोणीस वर्षं व्हायला आली आहेत.

आता परत या, पण समाधान मानून नको. कोनातेंना मिळालं ते थेट जायचं दार रवांडाने २०१६मध्ये, खुद्द यजमान टांझानियाने २०१९मध्ये, आणि बेनिन व आयव्हरी कोस्टने २०२०मध्ये आपल्या नागरिकांसाठी बंद करून टाकलं. बुर्किना फासोत लष्कराची सत्ता आली. २०२५च्या मार्चमध्ये तिथल्या पत्रकार संघटनेच्या नेत्यांना उचललं गेलं आणि संघटना बरखास्त झाली. काही दिवसांनी ते नेते चित्रफितीत लष्करी गणवेशात दिसले. या वेळी कलम लावायची तसदीसुद्धा सरकारने फारशी घेतली नाही. जुलैत ते सुटले.

म्हणून पुढच्या खेपेला एखाद्या पत्रकाराच्या अटकेवर वीस संघटनांचं संयुक्त पत्रक वाचाल, तेव्हा खालच्या सह्या मोजत बसू नका. त्यांतल्या कुणी वकील दिला, खर्च कोण करणार, आणि सरकार बदलल्यावर, साक्षीदार पांगल्यावर, बातमी शिळी झाल्यावरही ती फाइल कुणाच्या कपाटात राहणार, हे विचारा. त्याचं उत्तर ज्या पत्रकाकडे असेल, तेच तुरुंगातल्या माणसाच्या उपयोगाचं.