आपले ताट आणि शहराचा कारभार : हैदराबादेतील अन्नव्यवस्थेची ओळख

भाजी महाग झाली की आपण कधी पावसाला, कधी दलालाला आणि कधी सरकारला बोल लावतो. पण शहरात भाजी कोठे विकली जावी, कोणी विकावी, तिचा भाव कोण ठरवतो आणि उरलेल्या मालाचे काय होते, हे ठरवणारी खाती कोणती, याची माहिती फार थोड्यांना असते. मंडळाच्या सभासदांना ती एका जागी मिळावी म्हणून हा लेख देत आहोत. नोकरीनिमित्त नव्याने हैदराबादेत आलेल्या कुटुंबांना त्याचा उपयोग होईल. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्यांनाही काही गोष्टी नव्याने कळतील असे वाटते.

कोणते काम कोणाचे?

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि शहरांच्या कारभारासाठी १८ विषय नेमून देण्यात आले. त्या यादीत नगर नियोजन, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा, गरिबी निर्मूलन, कत्तलखान्यांचे नियमन हे सारे आहे. 'अन्न' असा स्वतंत्र विषय मात्र नाही. त्यामुळे आपल्या ताटातले अन्न अनेक खात्यांच्या हातून येते.

रैतू बाजार राज्याच्या कृषी पणन खात्याकडे आहेत. रेशनची दुकाने नागरी पुरवठा खात्याकडे आहेत. हॉटेलांची आणि खाद्यपदार्थांची तपासणी अन्नसुरक्षा अधिकारी करतात. फेरीवाले, पाच रुपयांची कॅन्टीन, कचरा आणि रस्ते महापालिकेकडे. तक्रार कोठे करायची हे यावरून ठरते. रैतू बाजारातल्या भावाची तक्रार महापालिकेच्या कार्यालयात नेली तर हेलपाटा पडेल.

खाती वेगवेगळी असली तरी त्यांच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे जागा. अनुदानाची चर्चा वर्तमानपत्रात होते, जागेची होत नाही. पण शहराच्या मध्यभागी शेतकऱ्याला ओटा, फेरीवाल्याला पदपथाचा कोपरा आणि मजुराला जेवणाचे कॅन्टीन मिळते की नाही, यावर सामान्य माणसाच्या ताटातले बरेचसे ठरते.

हैदराबादला ही गोष्ट नवी नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, १९३५ साली, मोअज्जमजाही मार्केटची दगडी इमारत उभी राहिली ती फळबाजारासाठीच. २०२० साली दुरुस्तीनंतर ती पुन्हा खुली झाली. सिकंदराबादचे मोंडा मार्केटही शहराच्या ऐन मध्यात आहे.

रैतू बाजार

तेलुगूतला 'रैतू' आणि आपल्या 'रयते'तला रयत हे एकाच शब्दाचे वारस आहेत. अविभाजित आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी रैतू बाजार सुरू झाले. पंजाब-हरियाणातील 'अपनी मंडी' त्याआधीची. तमिळनाडूची 'उळवर संदै' त्याच वर्षी नोव्हेंबरात मदुराईला सुरू झाली. महाराष्ट्रातही पुढे संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. हैदराबादेत मेहदीपट्टणम, एर्रागड्डा, कूकटपल्ली, सरूरनगर, वनस्थळीपुरम, फलकनुमा येथील रैतू बाजार सर्वांच्या परिचयाचे आहेत.

बाजाराची रचना अशी. जवळपासच्या गावांतील भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना पडताळणीनंतर छायाचित्र असलेले ओळखपत्र मिळते. ओट्याचे भाडे नाही, अडत नाही. स्थानिक पातळीवर न पिकणाऱ्या वस्तूंसाठी महिला बचत गटांनाही ओटे दिले जातात. बाजारावर देखरेख ठेवायला इस्टेट ऑफिसर असतो. रोज सकाळी भाव ठरतो आणि फलकावर लागतो. घाऊक भावापेक्षा सुमारे २५ टक्के वर आणि बाहेरच्या किरकोळ भावापेक्षा सुमारे २५ टक्के खाली, हे त्यामागचे सूत्र.

हिशेब करून पाहू. समजा टोमॅटो घाऊक बाजारात २० रुपये किलो आणि गल्लीतल्या दुकानात ४० रुपये आहे. २० च्या २५ टक्के वर म्हणजे २५ आणि ४० च्या २५ टक्के खाली म्हणजे ३०. रैतू बाजारात तो २५ ते ३० च्या दरम्यान विकला गेला तर शेतकऱ्याला किलोमागे पाच ते दहा रुपये जास्त मिळतात, शिवाय अडत वाचते. आपले दहा ते पंधरा रुपये वाचतात.

हे पैसे येतात कोठून? मधले हात कमी झाले हे एक कारण. दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही. मेहदीपट्टणमसारख्या ठिकाणी त्या जागेचे बाजारभावाने भाडे लावले असते तर पालेभाजीची जुडी विकणाऱ्याला ते परवडलेच नसते. न आकारलेले हे भाडे कोणत्याही अंदाजपत्रकात अनुदान म्हणून दिसत नाही. आमच्यासारख्या बँकेच्या खातेवहीत आयुष्य गेलेल्यांना हे लगेच जाणवते. जी रक्कम वहीत नाही, तिचा बचाव करायलाही कोणी उभे राहत नाही. जमिनीचे भाव चढतात तशी 'एवढ्या मोक्याच्या जागेवर भाजी कशाला?' ही भाषा सुरू होते.

दोषही सांगायला हवेत. शेतकऱ्यांच्या नावावर व्यापारी बसतात, फलकावरचा भाव एक आणि ओट्यावरचा दुसरा, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. जागा देऊन भागत नाही, ती ज्याच्यासाठी दिली त्याच्याकडेच राहते ना, हेही पाहावे लागते.

तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ पासून आपल्या शहरात आहे. तिच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार ताटाचा निम्मा भाग भाज्या, फळे आणि कंदमुळांचा असावा. हा सल्ला पाळायचा तर ताजी भाजी घराजवळ आणि परवडेल अशा भावात मिळायला हवी. अंबाडी (इथली गोंगुरा), माठ (तोटकुरा), चुका (चुक्काकुरा) या भाज्या आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत. रैतू बाजारात त्या ताज्या मिळतात.

पाच रुपयांचे जेवण

२०१४ साली हैदराबाद महापालिकेने हरे कृष्ण चळवळीच्या धर्मादाय संस्थेच्या साहाय्याने पाच रुपयांत दुपारचे जेवण सुरू केले. भात, सांबार, भाजी, लोणचे असे साधे ताट. रुग्णालये, बसथांबे, मजुरांचे नाके अशा वर्दळीच्या ठिकाणी छोटी केंद्रे उभारली गेली. प्रत्यक्ष खर्च पाच रुपयांच्या कितीतरी पट असतो आणि फरक महापालिका भरते. २०२० च्या टाळेबंदीत हेच जेवण मोफत दिले गेले. २०२५ साली या केंद्रांना इंदिरम्मा कॅन्टीन असे नाव मिळाले आणि पाच रुपयांत नाश्ताही सुरू झाला. त्यात भरडधान्यांची इडली, उपमा असे पदार्थ आले.

महाराष्ट्राचा अनुभव येथे बोलका आहे. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर योजना सुरू झाली आणि केंद्रांसाठी मोक्याच्या सरकारी जागा देण्यात आल्या. योजना काही वर्षांत बंद पडली. स्टॉल मात्र अनेक ठिकाणी तसेच राहिले आणि तेथे वडापावपासून चायनीजपर्यंत सारे विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली तेव्हा पद्धत बदलली होती. शहरी भागात थाळीची किंमत ५० रुपये धरून ४० रुपये सरकार केंद्रचालकाला थाळीमागे देणार, असे ठरले.

ब्राझीलमधील बेलो होरिझोंते शहराने १९९३ साली अन्नासाठी महापालिकेचे स्वतंत्र खातेच काढले. स्वस्त लोकभोजनालये उघडली. शिवाय शहरातील चांगल्या जागा भाजीविक्रेत्यांना देताना अट घातली की ठरावीक वीसेक वस्तू महापालिकेने ठरवलेल्या कमी भावात विकाव्या लागतील, बाकीचा माल त्यांनी आपल्या भावाने विकावा. जागा आणि अट यांची ही सांगड जगभर अभ्यासली गेली. २०१५ साली मिलान येथे शंभरहून अधिक शहरांनी नागरी अन्नधोरणाच्या करारावर सह्या केल्या, त्यामागेही अशाच शहरांचे अनुभव होते.

फेरीवाले

दारावर येणारा भाजीवाला किंवा कोपऱ्यावरची फळवाली हा वृद्ध सभासदांचा मोठा आधार असतो. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांना काही हक्क दिले आहेत. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावे, ते पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवू नये, आणि प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यावी, असे कायदा सांगतो. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला हव्यात. याच समितीत रहिवासी संघटना आणि बँका यांनाही स्थान आहे. हे आपल्या सभासदांनी लक्षात ठेवावे.

जून २०२० पासून 'पीएम स्वनिधी' योजनेत विक्रेत्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. सुरुवातीला टप्पे १०, २० आणि ५० हजारांचे होते. २०२५ साली पहिले दोन १५ आणि २५ हजारांचे झाले. वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान मिळते. ओळखपत्र किंवा महापालिकेचे शिफारसपत्र लागते. आपल्या ओळखीच्या विक्रेत्याला अर्ज भरायला मदत करणे, हे निवृत्त सभासदांना सहज जमण्यासारखे काम आहे.

रेशन

ऑगस्ट २०१९ मध्ये शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालण्याचा पहिला प्रयोग दोन जोड्यांत झाला, आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात. आता ही सोय देशभर आहे. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून बांधकामावर, घरकामाला आलेल्या अनेक कुटुंबांना हे ठाऊक नसते. तेलंगणात २०२५ च्या उगादीपासून रेशनवर माणशी सहा किलो बारीक तांदूळ दिला जातो.

बाजार हलतो तेव्हा

गड्डिअन्नारमचा फळबाजार म्हणजे उन्हाळ्यात आंबा आणि एरवी मोसंबीची मोठी पेठ. २०२१ साली तो विजयवाडा रस्त्यावर बाटासिंगारमला हलवण्याचा निर्णय झाला आणि जुनी जागा रुग्णालयासाठी देण्यात आली. रुग्णालयाची गरज कोणी नाकारत नाही. जड मालमोटारी शहरात येऊ नयेत हेही खरे. पण बाजार दूर गेला की हातगाडीवर फळे विकणाऱ्याचा वाहतूक खर्च वाढतो, हमालाला रोजचा प्रवास पडतो आणि शेवटी ते फळांच्या भावात उतरते. बाजार हलवण्याच्या निर्णयात हा खर्च कोण सोसणार, हेही मांडले गेले पाहिजे.

उरलेल्या भाजीचे काय?

बोवेनपल्लीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाजी बाजारात रोज सुमारे दहा टन भाजीपाला वाया जातो. तो कचराडेपोत न नेता बाजारातच बायोगॅस प्रकल्प उभारला गेला. तंत्रज्ञान तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे. त्यातून रोज सुमारे ५०० युनिट वीज आणि ३० किलो गॅस मिळतो. वीज बाजाराच्या दिव्यांना आणि गॅस तेथील कॅन्टीनला जातो. जानेवारी २०२१ च्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख झाला होता. हेही जमले ते बाजाराच्या आवारात प्रकल्पासाठी जागा ठेवल्यामुळे.

बाहेर खाताना

प्रत्येक हॉटेलात परवाना दिसेल असा लावलेला असावा. त्यावर चौदा अंकी क्रमांक असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये विषबाधेच्या घटनांनंतर तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली. खाद्यपदार्थांचे नमुने नाचारमच्या राज्य प्रयोगशाळेत तपासले जातात. तक्रार करताना बिल आणि पाकीट जपून ठेवावे.

सभासदांनी काय करावे?

आठवड्याची निदान एक खरेदी रैतू बाजारात करावी आणि आधी भावफलक पाहावा. फलकापेक्षा जास्त भाव घेतला तर तेथल्याच इस्टेट ऑफिसरला सांगावे. आपल्या भागात नवी वसाहत होत असेल तर उद्यान आणि वाहनतळाबरोबर भाजी बाजाराची जागा आराखड्यात आहे का, हे हरकती मागवल्या जातात तेव्हाच विचारावे. इमारती उभ्या राहिल्यावर ती जागा मिळत नाही. रहिवासी संघात फेरीवाल्यांना हटवण्याचा ठराव आला तर त्याआधी त्यांना बसायला कोठे जागा देता येईल, हा प्रश्न मांडावा.

शहर बाहेरच्या वळणरस्त्यापर्यंत पसरले आहे. महापालिकेच्या हद्दी आणि योजनांची नावे बदलत राहतील. बाजाराची जागा एकदा गेली की परत येत नाही, म्हणून तिच्याकडे आपले लक्ष असू द्यावे.