बटाट्याची शेती आणि साठवण : इतिहासाची साक्ष

बटाट्याच्या शेतीविषयी हल्ली दोन पक्ष दिसतात. सेंद्रिय पक्षाला पूर्वजांची निर्विष शेती हवी असते. रूढ पक्ष म्हणतो, औषधांवाचून हे पीक हाती लागावयाचे नाही. इतिहासाला साक्षीस बोलाविले, तर तो दोघांचीही थोडीथोडी उलटतपासणी करतो.

१८४५ सालचे आयर्लंड घ्या. तेथील कुळे शेणखत आणि समुद्रशेवाळ घालून बटाटा पिकवीत. फवारणी त्यांना ठाऊकच नव्हती. आजच्या भाषेत ती सेंद्रिय शेतीच. परंतु गोरगरिबांच्या वावरांत बहुतेक ‘लम्पर’ ही एकच जात असे, आणि कंदच बेणे म्हणून लावल्यामुळे एक झाड दुसऱ्याची प्रतिकृती होई. करपा आला तेव्हा एकही झाड वेगळे ठरले नाही. धडधाकट समजून खड्ड्यांत साठविलेले बटाटेही कुजून निघाले. त्यात राज्यकर्त्यांच्या अनास्थेची भर पडली. काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितकीच देशांतरास गेली.

करप्यावर उपाय निघाला तो द्राक्षमळ्यांतून. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे याने द्राक्षाच्या केवड्यावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण सुचविले. तेच बोर्डो मिश्रण पुढे बटाट्यावरही फवारले जाऊ लागले. मौज अशी, की हे तांबे युरोपातील सेंद्रिय शेतीलाही वर्ज्य नाही. मात्र ते जमिनीत साचून राहते, म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. दोन पक्षांमधली भिंत समजली जाते तितकी उंच नाही, ती अशी.

साठवणीतही तेच. काढलेला बटाटा जिवंतच असतो. उबेने त्याला कोंब फुटतात, उजेडाने तो हिरवा होऊन त्यात सोलानिन हे विष वाढते, आणि फार थंडीत त्यातील पिष्टाची साखर होते. रूढ व्यापाराने कोंब रोखण्यासाठी क्लोरप्रोफामचा आश्रय केला. परंतु २०१९ साली युरोपीय संघाने त्याची मान्यता पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. तेव्हा सेंद्रिय साठवणदार वापरीत असलेल्या पुदिन्याच्या तेलाकडे इतरांनाही वळावे लागले.

बटाट्याचे माहेर असलेल्या अँडीज पर्वतातील शेतकऱ्यांनी मात्र या दोन्ही गोष्टींचा विचार फार पूर्वीच केला होता. एका वावरात ते अनेक जाती लावीत. एक गेली तरी दुसरी राही. तेथील देशी जाती आजही ४,००० हून अधिक मोजल्या जातात. रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून आणि उन्हात वाळवून केलेला त्यांचा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो.

तात्पर्य, खत शेणाचे की कारखान्याचे, हा प्रश्न खराच. परंतु वावरात जाती किती आणि दुष्काळासाठी कोठारात काय, हे प्रश्न त्याच्याही आधीचे आहेत. आयर्लंडने त्यांचे उत्तर फार महाग दराने विकत घेतले.