कडू भाजी आणि सुरतेचे रान

वल्हांडणाच्या रात्री कोकऱ्याचे मांस बेखमीर भाकरी व कडू भाजी यांसह खावे, अशी आज्ञा निर्गम १२:८ मध्ये आहे. मूळ इब्री शब्द ‘मरोरीम’ याचा अर्थ केवळ ‘कडू पदार्थ’ असा आहे. त्यात कोणत्याही वनस्पतीचे नाव नाही. पुढे मिश्नाने अशा पाच वनस्पती सांगितल्या व त्यांत लेट्यूसच्या पाल्याला पहिले स्थान दिले.

भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून तेथील रान वसंतात हिरवे होते. ग्रीसमधील स्त्रिया उपवासकाळात रानातला पाला खुडून उकडतात आणि जैतुनाचे तेल व लिंबू घालून तो घरच्यांना वाढतात. सुरतेकडे ऋतूंचा क्रम उलटा आहे. पुनरुत्थानाच्या सणाला आमचे रान करपलेले असते, वेचावयास मिळतात ती मोहाची फुले. टाकळा, कुर्डू या भाज्या मृगाच्या पावसानंतर येतात. म्हणून वल्हांडणाचा पाठ शिकविताना हा फरक मंडळीला सांगणे अगत्याचे आहे.

परंतु रानपाला केवळ सणाचा नाही. ईयोब ३०:४ मध्ये भुकेने व्याकूळ झालेले लोक झुडपांजवळचा खारट पाला उपटतात. भूक गुजरातनेही पाहिली आहे. १६३० मध्ये सुरतेहून आग्र्यास निघालेल्या पीटर मंडीने वाटेवरील भीषण दुष्काळाचे वर्णन लिहून ठेवले. १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ त्याहून आमच्या जवळचा. त्यानंतर १९०२ मध्ये जी. ए. गॅमी यांनी दुष्काळात मुंबई इलाख्यातील लोक कोणत्या वनस्पती खातात याचे टिपण प्रसिद्ध केले. त्या टिपणामागे पिढ्यान्‌पिढ्या रान ओळखणाऱ्या माणसांचे ज्ञान उभे आहे.

हे ज्ञान किती मोलाचे आहे, ते २ राजे ४:३८-४१ वरून कळते. दुष्काळात एक मनुष्य भाजी खुडावयास रानात गेला व रानवेलीची फळे न ओळखताच त्याने ती हंड्यात चिरली. अन्नात मृत्यू शिरला. अलीशाने पीठ घालून ते निर्दोष केले. सुरतेच्या पूर्वेस डांगच्या डोंगरांत कडूकंद चिरून, राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवतात. कडवटपणा व विष गेल्यावरच तो खातात. हा चमत्कार नव्हे, अनुभवाने आलेला विवेक आहे. तरी तो देवाच्या दानाहून वेगळा आम्ही मानीत नाही.

रानभाजी खाणे हे दारिद्र्याचे लक्षण समजून काही घरे ती पाहुण्यांपासून लपवितात, हे आम्ही पाहिले आहे. इस्राएलाने मात्र आपली कडू भाजी लपविली नाही. सणाच्या ताटात ठेवून मुलांना तिचा अर्थ सांगितला. आमच्या सुवार्तिक बंधूंनी पुढील पावसाळ्यात वाडीवरील वृद्ध स्त्रियांना त्यांच्या भाज्यांची नावे विचारावीत. वल्हांडणाचा पाठ तेथून सुरू करता येईल.